भाव काय? पडला!

आमच्या रिठदला नवा माणूस आला की त्याला तीन गोष्टी विचारतात. कोणाचा? गाव कोणतं? वावर किती? तिन्ही उत्तरं पटली की चहा येतो. नाही पटली तरी चहा येतोच, फक्त तो गार होईपर्यंत चौकशी चालते. पोपट आला तेव्हाही गावानं रिवाज मोडला नाही. ओसरीवर पिंजरा ठेवला, मंडळी जमली, आणि पाहुणा तोंड उघडायला तयार नसल्यामुळे जबाब मला द्यावा लागला.

“कोनाचा हाये?”

“पुतन्याचा.”

“गाव?”

“आफ्रिका.”

“रिसोडच्या अंगानं आलं का मालेगावच्या?”

विचारणारे शेजारचे भाऊ. याला कोणी अज्ञान समजू नये. थट्टा करताना वऱ्हाडी माणूस चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू देत नाही. वावराचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच निकाली काढला. “त्याले काय वावर लागते? सारं आभाय त्याचंच,” असं म्हणाले, आणि मग पिंजऱ्याच्या दाराला लावलेलं कुलूप दिसल्यावर जरा गप्प झाले. हे कुलूप चोरासाठी नव्हतं. साधी कडी हा पक्षी चोचीनं उघडतो, बाहेर येतो आणि कधी कधी कडी परत लावूनही टाकतो.

पोपट म्हणजे हिरवा, ही आपली पक्की समजूत. हा राखाडी. पिसांच्या कडा पांढुरक्या, चोच काळी, डोळे फिकट पिवळे, आणि शेपूट तेवढी लालभडक. माय म्हणजे माझी आई, वय ऐंशीच्या पुढं. तिनं चष्मा लावून बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, “कामून बावा, याले रंग देता देता लाइन गेली काय?” पुण्यात त्याचं नाव ऑस्कर होतं. रिठदच्या शिवेत ते टिकणं शक्य नव्हतं. मायनं त्याच दिवशी त्याचं नाव भुऱ्या ठेवलं आणि त्यानंही विनातक्रार मान्य केलं.

पुतण्या हिंजवडीत संगणकाच्या कामाला. २०२० साली टाळेबंदी लागली, खोलीत बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यानं बोलणारं काहीतरी विकत आणलं. टाळेबंदी उठली, लग्न झालं, परदेशातली नोकरी लागली आणि पोपट ‘थोड्या दिवसांसाठी’ आमच्याकडे आला. आमच्या घरात थोड्या दिवसांसाठी आलेली शिलाई मशीन १९८७ पासून आहे, त्यामुळे या शब्दांचा अर्थ आम्हाला समजावून सांगावा लागत नाही.

पहिले काही आठवडे भुऱ्या एक शब्द बोलला नाही. “गुरुजी, मुका माल गयात मारला तुमच्या,” असं गावानं जाहीर करून टाकलं. पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, काका, तो ऐकतोय. मला ते तेव्हा कळलं नाही. मी चाळीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. गप्प बसलेला विद्यार्थी ऐकतोय, असा अनुभव मला एकदाही आला नव्हता.

मग सोयाबीन निघालं. त्या दिवसांत आमच्या भागात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलं जाणारं वाक्य म्हणजे “भाव काय?” सकाळी उठल्यावर अडत्याला फोन, दुपारी भाच्याला फोन, संध्याकाळी पारावर. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये जाहीर झालेला आणि बाजार त्याच्या खाली सरपटत चाललेला. त्यामुळे प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर एकच यायचं. एका सकाळी मी दात घासत असताना ओसरीवरून माझाच आवाज आला, “भाव काय?” पाठोपाठ फोनमधून येतो तसा अडत्याचा खरखरीत आवाज, “पडला!” हुंकारासकट, उसाशासकट. माझ्या हातातला ब्रश खाली पडला. माय देवघरातून म्हणाली, “आता मुक्या जनावरालेही समजलं, सरकारलेच समजून नाही रायलं.”

त्यानंतर नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. प्रचाराची मंडळी हात जोडून ओसरीवर चढली की भुऱ्या मान तिरपी करायचा आणि विचारायचा, “भाव काय?” मंडळी आधी माझ्याकडे बघत, मग एकमेकांकडे. तेवढ्यात तोच सांगून टाकायचा. कोणत्या पक्षाचे ते मी लिहीत नाही. त्यानं कोणाचाही अपवाद केला नाही.

शिक्षण खात्यात पोपटपंची हा दोष मानतात. हा दोष पोपटाच्या नावावर कोणी चढवला, याची एकदा चौकशी व्हायला पाहिजे. पोपटाला बोलायला शिकवणं ही आपल्याकडे कला होती, आणि प्रतिष्ठेची कला. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये पोपट-मैनेला बोलायला शिकवणं आहे. त्याच ग्रंथात वत्सगुल्माचंही नाव येतं. वत्सगुल्म म्हणजे आमचं वाशिम, वाकाटकांची राजधानी. कशाच्या संदर्भात येतं ते निवृत्त शिक्षकानं सांगण्यासारखं नाही. सांगायचं एवढंच की आमच्या भागात पोपट पढवण्याची परंपरा दीड हजार वर्षांची निघू शकते. गावाला एवढा पुरावा पुरला. दुसऱ्या दिवशी पारावर त्यात आणखी पाचशे वर्षांची भर पडली होती.

भुऱ्याच्या जातीतला सर्वात शिकलेला पोपट अमेरिकेत होऊन गेला. त्याचं नाव ॲलेक्स. आयरीन पेपरबर्ग नावाच्या बाईंनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून तो साधा विकत आणला, मुद्दाम निवडलाही नाही. पन्नासेक वस्तूंची नावं, सात रंग, पाच आकार त्याला सांगता यायचे. सहापर्यंत मोजायचा. दोन वस्तूंत काय वेगळं आहे असं विचारलं आणि काहीच वेगळं नसलं तर ‘काही नाही’ म्हणायचा. हे ‘काही नाही’ म्हणणं फार वरच्या इयत्तेचं आहे. उत्तर येत नसताना काहीतरी लिहून पानं भरणारे विद्यार्थी मी हजारोंनी तपासलेत. २००७ च्या सप्टेंबरात तो एकतिसाव्या वर्षी अचानक गेला. आदल्या रात्री त्यानं बाईंना नेहमीप्रमाणे उद्या भेटू म्हटलं होतं. त्याच्यावर न्यूयॉर्क टाइम्स आणि इकॉनॉमिस्टनं मृत्युलेख छापले. आमच्या तालुक्यातल्या किती जणांवर छापले ते आठवून बघा.

बाईंची शिकवण्याची पद्धत मला विशेष भावली. पोपटाला समोर बसवून घोकंपट्टी करून घ्यायची नाही. त्याच्यासमोर दोन माणसांनी बोलायचं. एकानं वस्तू दाखवून विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. बरोबर सांगितलं तर वस्तू त्याच्या हातात, चुकलं तर बोलणी. पोपट बघत राहतो. त्याला वाटतं, हा माझ्या वाटचं घेऊन चाललाय, आणि तो चढाओढीनं शिकतो.

आता आमच्या घरात ही पद्धत लग्नापासून अखंड चालू आहे. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं बोलणी द्यायची. भुऱ्याला आयती शाळा मिळाली. तो आधी माझ्या आवाजात विचारतो, “चष्मा कुठं ठेवला व?” आणि लगेच घरच्या मंडळींच्या आवाजात उत्तर देतो, “तुमच्याच डोक्यावर हाये!” कपाळावर हात मारल्याचा आवाज त्यात नाही, चोचीनं तो काढणं जमत नसावं. याला अक्कल नाही असं म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की हे संभाषण तो मी काहीतरी शोधत असतानाच करतो. मी निवांत बसलो असताना त्यानं कधी चष्म्याची चौकशी केलेली नाही.

बोलणं तर निम्मंच. ओठ नाहीत, आपल्यासारखे स्वरतंतू नाहीत. श्वासनलिकेच्या पार खाली एक आवाजाची पेटी असते, तिच्यातून आणि जिभेच्या हालचालीतून हा पक्षी वाटेल तो आवाज काढतो. दूधवाल्याच्या मोटरसायकलचा हॉर्न. मागं येणाऱ्या ट्रॅक्टरची पीं पीं. बकरीच्या पिल्लाचं ओरडणं, ज्याला शेजारची बकरी खरोखर ओ देते. इन्व्हर्टरची शिट्टी, जी तो लाइन असताना वाजवतो, मग अख्खी गल्ली बाहेर येऊन विचारते, “तुमच्या इकडची गेली का?” कुकरच्या शिट्टीनं तर घरात कलह झाला. तीन शिट्ट्यांवर गॅस बंद करायची आमच्याकडे पद्धत. त्यातल्या दोन भुऱ्याच्या निघाल्या. तुरीची डाळ ताटात आल्यावर दाण्यांनी आपापलं अस्तित्व राखून ठेवलेलं होतं. सौभाग्यवती आता शिट्ट्या मोजत नाहीत, घड्याळ लावतात.

मायनं त्याला ‘रामकृष्णहरी’ शिकवलं. सप्ताह बसला तेव्हा हरिपाठाच्या वेळी तो इतक्या वेळेवर म्हणायला लागला की विणेकरी बुवांनी येऊन त्याला बुक्का लावायची तयारी केली. तेवढ्यात त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला.

खरी अडचण शिव्यांची. जोर लावून, जीव ओतून बोललेलं हा पक्षी लवकर उचलतो. आणि आमच्या भागात माणूस जीव ओतून काय बोलतो हे वाचकांना ठाऊक आहे. वऱ्हाडात शिवी रागानं देतातच असं नाही. जुना मित्र भेटला की पहिली एक प्रेमाची असते. पण पोपटाच्या तोंडून ती आली की प्रेम गळून पडतं आणि शब्द तेवढा उरतो. याचा दाखला विदर्भातच आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात हरियाल नावाचा पोपट पोलीस ठाण्यात बोलावला गेला. पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजीची तक्रार होती की त्या दारावरून गेल्या की हा शिव्या देतो, आणि घरच्या वादातून त्याला मुद्दाम तसं पढवलेलं आहे. पोलिसांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर आणलं. पोपटानं चोच उघडली नाही. ठाण्यात गप्प बसायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं असेल, तर तो माणूस खरा गुरू. शेवटी पक्षी वन खात्याकडे सोपवला गेला. पुण्यात २०२२ साली एका ज्येष्ठ नागरिकांनी शेजाऱ्याच्या पोपटाच्या शिट्ट्यांनी त्रास होतो म्हणून खडकी पोलिसांत तक्रार दिली आणि तिची नोंद झाली. नोंद अर्थात मालकाच्या नावावर. पोपट बोलतो, निस्तरावं मालकाला लागतं.

हे झाले आपल्याकडचे पोपट. भुऱ्याच्या सख्ख्या जातभाईंनी इंग्लंडात केलेला प्रकार याहून पुढचा. २०२० मध्ये लिंकनशायरच्या एका प्राणी उद्यानात असे पाच राखाडी पोपट एकत्र ठेवले आणि त्यांनी एकमेकांना शिव्या शिकवल्या. लोक हसायचे. हसले की हे आणखी द्यायचे. शेवटी पाचांना वेगवेगळं करावं लागलं. शाळेत आम्हीही हाच उपाय करत होतो. फरक पडत नसे. शिव्या पाच वर्गांत पोचत.

म्हणून आमच्या ओसरीवर आता बोलण्याचा बंदोबस्त आहे. पत्ते खेळायला येणारी मंडळी मारुतीच्या पारावर गेली. माझा धाकटा भाऊ येतो, बसतो, तोंड उघडतो, पिंजऱ्याकडे बघतो आणि “रामकृष्णहरी” म्हणून उठून जातो. ग्रामसभेला जे जमलं नाही ते साडेचारशे ग्रॅमच्या पाखरानं करून दाखवलं.

आता खाण्यापिण्याचं. पहिल्याच आठवड्यात गावातल्या एका पैलवानानं भुऱ्यापुढं हिरवी मिरची धरली. आमच्याकडचा ठेचा खाऊन भलेभले पुणेकर रडलेत, त्यामुळे लोक मजा बघायला सरसावून बसले. भुऱ्यानं मिरची पायात धरली, देठ काढून टाकलं, बिया निवडून खाल्ल्या आणि दुसरीसाठी पाय पुढं केला. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही. ज्या द्रव्यानं आपली जीभ पेटते ते त्यांच्या नसांना ओळखता येत नाही. मिरचीचंही यात साधतं, कारण तिच्या बिया पाखरं लांब नेऊन टाकतात. पैलवानाला हे मी शास्त्रीय पद्धतीनं समजावलं. तो म्हणाला, “मंग आपुनच कामून रडतो?”

तिखट चालतं, पण आपण ज्याला पाहुणचार म्हणतो ते त्याला चालत नाही. चहा नको, कॉफी नको, खारं नको, चॉकलेट विषासमान. ॲव्होकॅडोही विषारी, पण ते संकट रिठदपर्यंत यायला अजून वेळ आहे. चहात बुडवलेलं बिस्कीट पिंजऱ्यात सरकवणाऱ्या प्रत्येक हाताशी माझं भांडण झालेलं आहे. पोपटाला सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलं की तो खुशीत खातो आणि आतून खंगतो. या जातीला रक्तातलं कॅल्शियम कमी पडून झटके येण्याची खोड, त्यामुळे शेवग्याचा पाला, कोवळं ऊन, शिवाय गाजर, लाल भोपळा, मटार, पेरू, डाळिंब. सौभाग्यवतींनी एकदा ताट मांडताना हिशेब केला आणि म्हणाल्या, “एवढं माह्या बायंतपनात नव्हतं भेटलं.” यावर मी काही बोललो नाही. भुऱ्या ऐकत होता.

सर्वात मोठी धास्ती हवेची. पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार चोख काम करतात, म्हणून हवेतलं विषही तितक्याच चोखपणे आत घेतात. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला की त्याच्या वाफेनं पोपट काही मिनिटांत मरू शकतो. पुतण्यानं लग्नात आहेर दिलेला तसला तवा माळ्यावर गेला. भाकरी लोखंडी तव्यावर होतच होती, तिचं काही अडलं नाही. मच्छर अगरबत्ती गेली, मच्छरदाणी आली. पण धूप-उदबत्तीवर गाडी अडली. माय म्हणाली, “निजामाचं राज्य पाह्यलेल्या लोकाईनं बी देवापुढची उदबत्ती नाही इझवली, अन् हे आफ्रिकेतून येऊन इझवते?” तडजोड अशी ठरली की देवाला निरांजन आणि फुलं रोज, उदबत्ती फक्त सणाला आणि ती तुळशीपाशी. गौरी-गणपतीत पोपटाचं बिऱ्हाड मागच्या खोलीत हलतं. सगळं घर जेऊन उठेस्तोवर तिथून अडत्या आम्हाला भाव सांगत असतो.

त्यात या जातीच्या अंगातून पांढरी भुकटी झडते. खास पिसं असतात, ती सतत झिजतात आणि त्या भुकटीच्या आधारानं पक्षी आपला पिसारा नीट ठेवतो. आमचा टीव्ही मात्र वर्षभर थ्रेशरशेजारी ठेवल्यागत दिसतो. संध्याकाळी तो टीव्हीही बंद करावा लागतो, कारण विषुववृत्ताकडच्या या प्राण्याला दहा-बारा तासांची रात्र हवी. ऐन मालिकेत, कोण कोणाची मुलगी हे कळायच्या बेताला, घरच्या मंडळींच्या आवाजात हुकूम सुटतो, “झोपा आता!” आणि घरची मंडळीच चिडतात.

आजारपण तो दाखवत नाही. रानात आजारी दिसलेलं पाखरू शिकाऱ्याला आधी सापडतं, म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करायचं, हे त्याच्या रक्तात आहे. यावर उपाय रोज वजन करण्याचा. काट्यावर उभं राहायला तो शिकला. वजन करताना शेजारचे भाऊ हटकून येतात आणि विचारतात, “किलोले कसा देता?” एकदा त्यानं दोन दिवस खाल्लं नाही तेव्हा आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. भला माणूस. गाई-म्हशींत आयुष्य गेलेलं. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि प्रामाणिकपणे हात जोडले. पाखरांचा जाणता डॉक्टर गाठायचा तर मोठं शहर गाठावं लागतं. पोपट मांडीवर घेऊन एसटीत बसलेल्या माणसाला सीट मिळते, हा त्या प्रवासाचा एकमेव लाभ.

शहरातल्या त्या डॉक्टरांनीच विचारलं, नर की मादी? या जातीत दोघं दिसायला सारखेच. पिसाची नाही तर रक्ताची डीएनए तपासणी करावी लागते. केली. मादी निघाली. भुऱ्याची भुरी झाली. गावात ही बातमी माझ्या आधी पोचली. मायला मात्र जराही आश्चर्य वाटलं नाही. “मंगच,” ती म्हणाली. “कोन आलं, कोन गेलं, कोन कोनाले काय बोललं, एवढं ध्यान घरावर बाप्यामानसाचं असते काय?”

हसण्यावारी न नेण्याची गोष्ट एकच. आम्ही सगळे एका लग्नासाठी चार-पाच दिवस बाहेर होतो. शेजारी दाणापाणी वेळेवर देत होते, पण बोलायला कोणी नव्हतं. परत आलो तर भुरीनं छातीवरची पिसं स्वतः उपटून काढलेली. रानात हे पक्षी शेकड्यांच्या थव्यानं राहतात. एकटा पोपट पिंजऱ्यात कंटाळला की स्वतःलाच सोलतो. तेव्हापासून तिला उद्योग लावून दिलेला आहे. मक्याची कणसं, नारळाच्या शेंड्या, कागदात बांधून लपवलेला दाणा. माझी नजर चुकवून तिनं टीव्हीच्या रिमोटची बटणं आणि एक सातबाराचा उतारा एवढं आणखी सोललं. उताऱ्याची नक्कल काढायला गेलो तेव्हा कारण म्हणून “पोपटानं खाल्ला” असं सांगितलं. समोरच्यानं मान वर न करता म्हटलं, “उंदीर लिहा.”

कायद्याची गंमत वेगळीच. आपला हिरवा राघू, जो आमच्या ज्वारीवर थव्यानं उतरतो आणि ज्याला गोफणीनं हाकलण्यात आमचं बालपण गेलं, तो पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा. आफ्रिकेतला ठेवता येतो, पण नोंद करून. कारण तोही रानातून संपत आलाय. घानामध्ये १९९० च्या दशकापासून या पोपटांपैकी नव्वद ते नव्व्याण्णव टक्के नाहीसे झाले. जंगल तुटलं आणि पकडून विकले गेले. म्हणून २०१६ मध्ये जोहान्सबर्गला जगातल्या देशांनी रानातल्या या पोपटाच्या व्यापारावर बंदी घातली, ती २०१७ च्या जानेवारीपासून लागू झाली. आपल्या सरकारनं आधी २०२० मध्ये असले परदेशी प्राणी आपणहून जाहीर करा म्हणून योजना काढली, आणि मग २८ फेब्रुवारी २०२४ ला नियमच केले. परिवेश नावाच्या संकेतस्थळावर सहा महिन्यांच्या आत नोंद. पुढं हस्तांतर झालं, पिल्लं झाली, पक्षी मेला, तरी कळवायचं. पुतण्यानं आपली नोंद केलेली होती, पण पक्षी माझ्याकडे आल्यामुळे ती माझ्या नावावर व्हायला हवी. पारावर बातमी गेली तेव्हा लोकांनी एकच विचारलं, “फेरफार झाला का?” झाला, म्हणालो. गावानं मान डोलावली. फेरफार झाला म्हणजे ती आता रिठदची.

उडून जाण्याची भीती कायम. कर्नाटकात तुमकुरला २०२२ च्या जुलैत असाच एका राखाडी पाळीव जोडीतला रुस्तुमा नावाचा पोपट उडाला. मालकांनी पन्नास हजारांचं बक्षीस लावलं, आणि सापडला तेव्हा आनंदानं पंच्याऐंशी हजार दिले. हे वर्तमानपत्रातलं मी ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं, ही जरा घाई झाली. आठवडाभर गावातली पोट्टी आमच्या पिंजऱ्याच्या कुलपाकडे फार आपुलकीनं बघत होती.

राहता राहिला वयाचा प्रश्न. चांगली निगा राखली तर हा पक्षी चाळीस ते साठ वर्षं जगतो. भुरी अजून पोरवयात. मी निवृत्त. मायनं तर तिला नातसून म्हणून धरलंय. एका रविवारी आम्ही भाऊ वावराची हिस्सेवाटणी बोलायला बसलो. विहीर कोणाकडे, बांध कोणाचा, आंब्याचं झाड कोणत्या गटात, यावर दुपार गेली, आवाज चढले. मग मी विचारलं, माझ्यामागं भुरी कोणाच्या हिश्शाला? इतकी शांतता आमच्या वाटणीत पहिल्यांदाच झाली. धाकटा म्हणाला, “दादा, इहिरीचं आपुन मंग पाहू.” पिंजऱ्यातून माझ्या आवाजात प्रश्न आला, “भाव काय?” उत्तर मात्र त्या दिवशी तिनं दिलं नाही.

तेव्हा वाचकहो, पुण्या-मुंबईच्या दुकानात हा पक्षी तुमच्याकडे बघून गोड बोलला तरी घेऊ नका. घेणारच असाल तर आधी दुकानदाराकडून त्याचे कागद मागा आणि तुमच्यानंतर तो सांभाळणाऱ्या माणसाची लेखी संमती घरात ठेवा. नुसता बघायचा असेल तर आमच्याकडे या, पैसे पडत नाहीत. येताना पेरू आणा, बिस्कीट नको. आणि शिव्या फाट्यावरच देऊन या.